पारा हलत नाही तेव्हा

"ताई, पारा हलत नाही. दिवा विझवू?"

मे महिन्यातली दुपार होती. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचं समाजमंदिर, वर पत्रा, खाली अकरा मुलं. माझी एक मैत्रीण तिथल्या आश्रमशाळेत शिकवते. सुट्टीत ती दहावीत जाणाऱ्या मुलांचे जादा वर्ग घेते. मी पुण्याहून आठ दिवसांसाठी डहाणूला घरी आले होते. तिनं फोन करून सांगितलं, "विज्ञानाचा एक धडा तू घे. उष्णता. तू इंजिनिअर आहेस ना?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. उष्णतेशी माझा संबंध लॅपटॉप तापतो तेवढाच. पण हो म्हटलं.

प्रयोग साधाच होता. अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात अर्धा किलो फोडलेला बर्फ, खाली शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा आणि बर्फात खुपसलेला तापमापक. एका मुलीनं काडीनं ढवळत राहायचं, दुसरीनं दर दोन मिनिटांनी तापमान वाचायचं, तिसऱ्यानं फळ्यावर लिहायचं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. शून्य. शून्य. शून्य. पुन्हा शून्य. दहा मिनिटं झाली तरी फळ्यावर एकाखाली एक शून्यंच. मुलांची चुळबुळ सुरू झाली. वाचणाऱ्या मुलीला वाटलं की काहीतरी बिघडलंय, स्पिरिट फुकट चाललंय. म्हणून तिनं विचारलं, दिवा विझवू का.

तिला द्यायचं उत्तर मला पाठ होतं. दहावीच्या पुस्तकात ते आहे. पण ते देण्याआधी माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण साधारण वर्षभरापूर्वी हाच प्रश्न माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी दिवा विझवला होता.

*

आधी पुस्तकातलं उत्तर.

बर्फाला उष्णता देत राहिलं तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्य अंशावरच राहतं. दिलेली उष्णता वाया जात नाही. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना ठरावीक रचनेत धरून बसलेले असतात. ती पकड सैल करायला ऊर्जा लागते आणि सगळी उष्णता त्यातच खर्च होते. तापमापक फक्त एकच गोष्ट सांगतो, रेणूंची हालचाल सरासरी किती जोरात चालली आहे. पकड किती सुटली, हे तो सांगत नाही. ते सांगण्यासाठी तो बनलेलाच नाही.

या उष्णतेला आपल्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात. अठराव्या शतकात, १७६० च्या आसपास, ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकानं ती ओळखली. त्याचा मुद्दा साधा होता. बर्फाला वितळण्यासाठी शून्य अंशाच्या वर जराशी ऊब पुरली असती, तर थंडी सरताच डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम पाणी होऊन खाली आलं असतं आणि दर वसंतात गावं वाहून गेली असती. तसं होत नाही. बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळतं. म्हणजे ते पुष्कळ उष्णता गिळत असलं पाहिजे, आणि ती गिळताना तापमापकाला काही कळत नसलं पाहिजे.

आता आकडे. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी. आणि त्या १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी. आमचा बर्फ पूर्ण वितळायला २४ मिनिटं लागली. दिवा त्याच जोरानं चालू ठेवला आणि उष्णता इकडेतिकडे गेली नाही असं हिशोबापुरतं धरलं, तर पाणी उकळीला यायला ३० मिनिटं लागतील आणि सगळ्याची वाफ व्हायला १६२. एकूण २१६ मिनिटं. त्यातली १८६ मिनिटं पारा जागचा हलणार नाही.

हा आकडा मी मुलांकडूनच काढून घेतला आणि मग स्वतःच त्याच्याकडे बघत बसले. जवळजवळ साडेतीन तासांच्या कामात तापमापकाला दिसणारं काम फक्त अर्ध्या तासाचं. बाकी सगळं काम सपाट रेषेत होतं. पदार्थ खऱ्या अर्थानं बदलतो, घनाचा द्रव होतो, द्रवाचा वायू होतो, तेही त्या सपाट रेषेतच.

*

आता मी दिवा विझवला ती गोष्ट.

माझ्या आधीच्या कंपनीत एक मुलगा माझ्या हाताखाली आला होता. त्याची पहिलीच नोकरी, सहा महिन्यांचं प्रोबेशन. आम्ही एका जुन्या, गुंतागुंतीच्या सिस्टिमवर काम करत होतो. आठ-दहा वर्षांत अनेकांनी लिहिलेला कोड, कागदपत्रं जवळजवळ नाहीत. दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कुणी किती तिकिटं बंद केली, हे डॅशबोर्डवर दिसायचं. त्याची रेषा पहिल्या महिन्यात तळाशी होती. दुसऱ्या महिन्यातही. तिसऱ्यातही.

चौथ्या महिन्यात मॅनेजरनं मला विचारलं, याचं काय करायचं? मी डॅशबोर्ड उघडला, स्क्रीनशॉट काढला आणि दोन ओळी लिहिल्या. 'प्रगती दिसत नाही. पुढे ठेवावं असं वाटत नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती. प्रगती दिसत नव्हतीच. पुढच्या आठवड्यात त्याचा लॅपटॉप जमा झाला.

त्या तीन महिन्यांत मी एकदाही त्याच्या शेजारी बसून 'काय करतोयस, दाखव' असं म्हटलं नव्हतं. वेळ नव्हता, हे खरं. पण डॅशबोर्ड असल्यामुळे तशी गरजही वाटली नव्हती, हे जास्त खरं.

पाड्यावरच्या त्या दुपारी ती मुलगी "दिवा विझवू?" म्हणाली आणि मला तो स्क्रीनशॉट आठवला.

*

इथे थांबून हा लेख संपवता आला असता. 'सपाट रेषेला घाबरू नका, आतून बदल होतोय, टिकून राहा.' असं सांगणारे रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. मागे सूर्योदय, बासरी, उकळतं पाणी आणि ९९ अंशांवर हार मानू नका असा सल्ला. मला तो सल्ला पटत नाही. का पटत नाही, ते बर्फानंच मला शिकवलं, फक्त दुसऱ्या एका पेटीतल्या बर्फानं.

प्रयोगासाठी बर्फ न्यायला मला आजीची थर्माकोलची पेटी हवी होती. आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावरचे मासेमार. आजीनं चाळीस वर्षं मासे विकले. पहाटे बंदरावर माल घ्यायचा, बर्फाची लादी फोडून पेटीत थर लावायचे आणि डोक्यावर घेऊन बाजार. शाळेत असताना सुट्टीत मी तिच्यासोबत जायचे. दर थोड्या वेळानं ती झाकण उचलून हात थेट तळापर्यंत घालायची. मी एकदा म्हटलं, "अगं, वरून गार लागतंय की." ती म्हणाली, "गार तर शेवटचा खडा असेपर्यंत लागणार, बाय. गार बघायचं नसतं. बर्फ किती उरला ते बघायचं असतं."

तेव्हा मला ते गावठी शहाणपण वाटलं होतं. दहावीनंतर कळलं की ती आलेखाची तीच सपाट रेषा वाचत होती, फक्त उलट बाजूनं. पेटीत बर्फ आणि पाणी एकत्र आहे तोवर आतलं तापमान शून्याच्या आसपास राहतं. सकाळी सहाला पेटी भरलेली असते तेव्हाही, आणि दुपारी एकला तळाशी मूठभर खडे उरतात तेव्हाही. तापमापक दोन्ही वेळी जवळजवळ तेच दाखवतो. मग शेवटचा खडा वितळतो आणि पारा चढायला लागतो. अर्धा किलो बर्फ वितळायला ४०,००० कॅलरी लागतात, पण त्यातून झालेलं पाणी शून्यावरून ३० अंशांवर जायला फक्त १५,००० पुरतात. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात पेटी जितका वेळ टिकली, त्याच्या कितीतरी कमी वेळात ती हातची जाते. बाजारात बसलेल्या बाईसाठी तो दिवसभराच्या मालाचा प्रश्न असतो.

म्हणजे सपाट रेषेचे अर्थ दोन आहेत. पातेल्यातली रेषा सांगते, काम चाललंय, दिसत नाही. पेटीतली रेषा सांगते, साठा संपत चाललाय, दिसत नाही. आणि तिसराही अर्थ आहे, सगळ्यात साधा. दिवा केव्हाच विझलाय आणि खरोखरच काही घडत नाहीये. कागदावर तिन्ही रेषा सारख्याच दिसतात. त्यामुळे सपाट रेषा बघून 'हा काही करत नाही' म्हणणारी मी जितकी चुकले, तितकाच तिच्याकडे बघून 'धीर धर, आतून बदल होतोय' म्हणणाराही चुकू शकतो. दोघांनीही झाकण उघडलेलं नाही.

तर ती पेटी. मी आजीकडे मागितली तेव्हा ती जरा घुटमळली. मग माळ्यावरून काढून दिली. आत कोरडे कांदे होते. आतून माशाचा वासही येत नव्हता.

तीन महिने झाले होते तिला बाजार सोडून. गुडघे गेले होते, जिने चढता येत नव्हते. मी दर रविवारी पुण्याहून फोन करायचे. "कशी आहेस?" "बरी आहे." बारा रविवार, बारा वेळा 'बरी आहे'. माझ्या मनातल्या आलेखावर बारा ठिपके एका सरळ रेषेत. मी खूश होते.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू कुठे विचारलंस?" ती म्हणाली. "तू कशी आहेस एवढंच विचारलंस."

*

या भागाला अशा चुकलेल्या वाचनाचा अनुभव माझ्या घरापेक्षा फार जुना आहे.

मी लहान असताना आमच्या किनाऱ्याकडची मोठी माणसं आतल्या भागाबद्दल बोलताना म्हणायची, 'जंगलातली माणसं शांत असतात हो, त्यांचं काही मागणं नसतं.' कौतुकानंच म्हणायची. नंतर कॉलेजात असताना गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं. १९७० साली आलेलं हे पुस्तक, ज्याला पुढे १९७२ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, ते डहाणू, तलासरी आणि उंबरगावच्या याच पाड्यांबद्दल आहे. त्यातून मला त्या शांततेच्या आत काय होतं ते कळलं. वेठ होती. जमीनदार बोलावेल तेव्हा, बोलावेल त्या कामाला, मजुरी न घेता जायचं. आणि लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाही, आयुष्य फिटायचं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. दंगा नाही, तक्रार नाही. तापमापक शून्यावर.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी, जे आज तलासरी तालुक्यात आहे, हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे वेठ नाही, आणि रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम नाही. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड त्यात मारला गेला. इकडे आजही १० ऑक्टोबरला लाल बावटे घेऊन लोक निघतात.

हा सगळा इतिहास उष्णतेच्या आलेखात बसवायचा मोह होतो. वर्षानुवर्षं उष्णता साठत होती, सपाट रेषा होती, मग उकळी फुटली. शिवाय वरचा दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांकही वाढतो. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये प्रचंड दाबाखाली पाणी तीनशे अंशांच्याही वर जाऊन मग उकळतं. तेव्हा 'दाब होता म्हणून उकळी उशिरा फुटली' असंही म्हणता येईल. वाक्य छान आहे. माझ्या मते ते चूक आहे, आणि चूक नुसती भाषेची नाही.

पाणी १०० अंशांवर ठरवत काही नाही. त्याला उकळावंच लागतं. झरीला जमलेल्या माणसांना काहीच करावं लागणार नव्हतं. ते घरी बसू शकत होते, घाबरू शकत होते, त्यांच्या बापजाद्यांनी काढले तसे दिवस काढू शकत होते. त्यांनी तसं केलं नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर पायी पाडे हिंडले, जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या परिषदेला इथून माणसं गेली, परत येऊन त्यांनी इतरांना सांगितलं, आणि माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून निर्णय घेतला. याला 'उकळी' म्हटलं की त्यांचा निर्णय त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. श्रेय दिव्याला जातं, किंवा नियमाला.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. बर्फाला वितळताना दुखत नाही. ८० कॅलरी शोषून घेताना त्याला वाट बघावी लागत नाही. माणसाला लागते. लग्नगड्याच्या आयुष्यातली ती सपाट रेषा म्हणजे त्याचं एकुलतं एक आयुष्य होतं. म्हणून 'धीर धरा, बदलाला वेळ लागतो' हे वाक्य कोण कुणाला म्हणतो, हे आधी बघायला हवं. जो स्वतः त्या रेषेवर उभा आहे तो स्वतःला तसं म्हणू शकतो. पातेल्याबाहेर, हातात तापमापक धरून उभा असलेला माणूस जेव्हा आतल्याला धीर धरायला सांगतो, तेव्हा त्यानं निदान एवढं दाखवावं की दिवा पेटलेला आहे आणि तो आपण तेवत ठेवतोय. बर्फाच्या बाबतीत ८० हा आकडा पुस्तकात छापलेला असतो. माणसाच्या बाबतीत किती लागणार, हे कुणीच छापलेलं नाही. आकडा माहीत नसताना दुसऱ्याला धीर धरायला सांगणं म्हणजे त्याच्या खात्यातून उधार काढणं आहे.

*

मग बाहेर उभ्या असलेल्या माणसानं करायचं काय? हा माझा खरा प्रश्न आहे, कारण मी बहुतेक वेळा बाहेरच उभी असते. मी कोड रिव्ह्यू करते, मुलाखती घेते, रविवारी फोन करते. मोजल्याशिवाय माझं काम चालत नाही. 'माणसाला आकड्यात मोजू नका' हे म्हणायला सोपं आहे, पण तिकिटं मोजायची नाहीत तर मग मॅनेजरनं कुणाचं ऐकायचं? जो जास्त गोड बोलतो त्याचं? आकड्याचा एक मोठा गुण आहे. तो आडनाव विचारत नाही. पाड्यावरची मुलगी आणि मुंबईतला मुलगा यांच्या दहावीच्या उत्तरपत्रिका एकाच मापानं तपासल्या जातात, आणि ते माप नसतं तर त्या मुलीचं नुकसान जास्त झालं असतं. त्यामुळे तापमापक फेकून देणं हे उत्तर नाही.

मला सापडलेलं उत्तर पुन्हा इथलंच आहे, आणि योगायोगानं त्याच वर्षातलं. १९४५ मध्येच आजच्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत इथल्याच राहिल्या. सुरुवातीला आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती. हजेरीपट हा त्यांचा तापमापक, आणि तो हलत नव्हता. या रेषेचा सोपा अर्थ तयारच होता, 'या लोकांना शिक्षण नको आहे.' त्या दोघींनी तो अर्थ घेतला नाही आणि 'येतील हळूहळू, धीर धरू' असंही म्हटलं नाही. त्या पाड्यावर गेल्या आणि मूल दिवसभर करतं काय ते बघितलं. मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं असायचं, किंवा गुरं राखायला गेलेलं असायचं. मग बालवाडी मुलाच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी शाळा चराईच्या रानात गेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर आलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांमुळे 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्यांनी हजेरी मोजणं बंद केलं नाही. आकडा हलत नाही, हे कळलं म्हणून तर त्या उठून गेल्या. फरक एवढाच की आकडा त्यांच्यासाठी निकाल नव्हता, तो जाऊन बघण्याचं कारण होता. माझ्या त्या स्क्रीनशॉटमध्ये आणि त्यांच्या हजेरीपटात नेमका हाच फरक आहे. सपाट रेषा दिसली की मी लिहायला बसले. त्या चालायला लागल्या.

म्हणून मला आता असं वाटतं की दुसऱ्याची सपाट रेषा बघणाऱ्यावर एक कर्तव्य येतं, आणि ते विश्वास ठेवण्याचं किंवा अविश्वास दाखवण्याचं नाही. ते झाकण उघडण्याचं आहे. झाकण उघडायला वेळ लागतो, हात गार पडतो, कधी वासही येतो. पण ज्याच्या हातात दिवा विझवण्याचा अधिकार आहे, त्याला हा कंटाळा करण्याची सोय नाही. अधिकार जितका मोठा, तितकी ही सोय कमी.

*

डहाणूहून परतल्यावर मी त्या मुलाला फोन केला. नंबर होता. आठवडाभर धीर होत नव्हता. तो आता दुसरीकडे आहे, बरा चाललाय. मी माफी मागितली. जरा अवघडून गेला. मग मी ते विचारलं जे तेव्हा विचारायला हवं होतं. त्या तीन-चार महिन्यांत तू नेमकं काय करत होतास?

मला मनातून एक उत्तर हवं होतं. तो म्हणेल की मी सगळा जुना कोड समजून घेत होतो, अजून पंधरा दिवस मिळाले असते तर सगळ्यांच्या पुढे गेलो असतो. मग माझा अपराधही मोठा झाला असता आणि हा लेखही चांगला झाला असता.

तो म्हणाला, "पहिले दोन महिने खरंच कोड वाचत होतो. वहीत आकृत्या काढल्या होत्या, अजून आहेत. तिसऱ्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर माझं लक्षच लागत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा काहीच करत नव्हतो. तुम्हाला सांगणार होतो, पण स्टँड-अपमध्ये प्रत्येकाला एक मिनिट असायचं."

म्हणजे अर्धा बर्फ वितळला होता, आणि मग दिवा विझला होता, आणि तो मी विझवायच्या आधीच विझला होता. कदाचित मी शेजारी बसले असते तरी निर्णय तोच झाला असता. कदाचित महिनाभराची रजा देऊन तो टिकला असता. आता ते काढता येणार नाही, आणि त्यानंही तसा हिशोब मागितला नाही. पण 'प्रगती दिसत नाही' हे वाक्य लिहिताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मी लिहिलं नव्हतं. चूक तिथे होती.

आजीला आता 'कशी आहेस' विचारत नाही. आज जिने किती वेळा चढलीस, गोळ्यांची पट्टी किती उरली, दुपारी कोण आलं होतं, असं विचारते. ती चिडते. "पोलिसासारखी चौकशी काय करतेस?" म्हणते. पण सांगते.

आणि त्या दुपारचं राहिलंच. "दिवा विझवू?" या प्रश्नावर मी काही बोलायच्या आत, ढवळणाऱ्या मुलीनंच उत्तर दिलं. काडी पातेल्यात फिरवत ती म्हणाली, "थांब गं, नको विझवू. मघाशी काडी अडत होती. आता फिरते."

सगळी मुलं उठून पातेल्याभोवती आली आणि वाकून आत बघायला लागली.